आतला पंख, बाहेरचा पंख: कंट्रोल लाइन विमानातला वेगाचा फरक मोजायचा कसा, सांभाळायचा कसा

खळ्यावर मळणी चालायची तेव्हा तिवड्याजवळ म्हातारा बैल जुंपायचे आणि पातीच्या बाहेरच्या टोकाला तरणा. फेरी दोघांची एकच, पण बाहेरच्याला चाल जास्त. कंट्रोल लाइन विमान म्हणजे तारांना बांधून गोल उडवायचं छोटं मॉडेल विमान. त्याचे दोन पंख अशाच पातीत जुंपलेले असतात. मध्ये वैमानिक उभा, हातात हँडल, हँडलपासून दोन पोलादी तारा, आणि तारांच्या टोकाला गोल फिरणारं विमान. वरून पाहिलं तर विमान घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, म्हणून डावा पंख आतला आणि उजवा बाहेरचा. एका फेरीत बाहेरचं टोक जास्त अंतर कापतं, त्यामुळे त्याचा वेग जास्त. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून बाहेरचा पंख जास्त उचलतो आणि विमान वैमानिकाकडे कलंडू पाहतं. विमान आत कलंडलं की तारा सैल होतात, आणि तारा सैल म्हणजे हातात काहीच उरलं नाही.

या प्रकाराशी अनेकांची ओळख एनसीसीच्या एअर विंगमुळे होते. तिथं आणि इतरत्रही एक सल्ला तोंडातोंडी फिरतो: आतला पंख दोन इंच लांब ठेवा, बाहेरच्या टोकात शिसं भरा, झालं. दोन इंच कुठून आले, किती पंखविस्ताराला आणि किती लांबीच्या तारांना, हे विचारलं की उत्तर येत नाही. विमान लहान असेल तर दोन इंच फार होतात. हा हिशेब शाळेतल्या गणितानं सुटतो, आणि सुटला की निम्मं ट्रिमिंग, म्हणजे विमानाचा तोल लावण्याचं काम, टेबलावरच होऊन जातं. हा लेख ज्यांनी निदान सरळ फेऱ्या मारल्या आहेत आणि आता लूप (उभ्या गोल गिरक्या), उलटं उड्डाण, चौकोनी वळणं नीट करायची आहेत त्यांच्यासाठी आहे.

खरी त्रिज्या

सगळा हिशेब त्रिज्येवर उभा आहे, आणि त्रिज्या म्हणजे नुसती तारांची लांबी नव्हे. विमान जमिनीवर ठेवा, तारा ताणा आणि हँडलच्या मुठीपासून विमानाच्या धडाच्या मध्यरेषेपर्यंत टेप लावा. यात हँडलच्या दोऱ्या, तारा, पंखातून बाहेर आलेले लीडआउट (तारा ज्यांना जोडतात ते तारेचे तुकडे) आणि अर्धा पंख हे सगळं आलं. त्यात हाताचा साधारण अर्धा मीटर मिळवा, कारण उडवताना हात खांद्यातून फिरतो आणि कोपर थोडं वाकलेलं असतं.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचं स्टंट, म्हणजे कसरतींचं, विमान घेऊ. पंखविस्तार १.४ मीटर, वजन १.३ किलो, पंख सरळ पट्टीसारखा, म्हणजे रुंदी सगळीकडे सारखी. मुठीपासून धडापर्यंत १८.५ मीटर, अधिक हात, म्हणून त्रिज्या १९ मीटर. एका फेरीला ५.२ सेकंद.

परीघ ११९.४ मीटर. वेग सेकंदाला २३ मीटरच्या किंचित आत, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास. हा झाला धडाचा वेग. आतलं टोक १८.३ मीटर त्रिज्येवर फिरतं, त्याचा वेग २२.१. बाहेरचं टोक १९.७ मीटरवर, त्याचा २३.८.

टोकाटोकांतला वेगाचा फरक पावणेआठ टक्के निघाला. वर्ग केला की उचलीतला फरक जवळजवळ १६ टक्के होतो. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि पंख भरमसाट लांब करतो. पण १६ टक्के हा फक्त दोन टोकांच्या शेवटच्या बोटभर भागातला फरक आहे. धडाजवळ फरक शून्य आहे. पूर्ण डावा पंख आणि पूर्ण उजवा पंख यांची उचल बेरजेनं काढली, तर बाहेरचा पंख सुमारे ७.७ टक्केच जास्त उचलतो.

काय बदललं तरी हा टक्का हलत नाही

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो.

इंजिन जोरात चालवलं, फेरी ५.२ ऐवजी ४.८ सेकंदांत मारली, तर फरक वाढेल असं वाटतं. वाढत नाही. दोन्ही टोकांचा वेग एकाच प्रमाणात वाढतो, गुणोत्तर तेच राहतं. साताऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, सांगली साडेपाचशेच्या आसपास. साताऱ्यात हवा समुद्रकाठापेक्षा साधारण ७ टक्के विरळ, आणि मे महिन्याच्या उन्हात ती आणखी विरळ होते. त्यामुळे विमानाला तेवढ्याच उचलीसाठी जास्त वेग किंवा जास्त कोन लागतो, प्रॉपेलरची ओढही कमी होते. पण दोन पंखांतल्या फरकाचं प्रमाण हवेच्या घनतेशी बांधलेलं नाही. ते फक्त पंखविस्तार आणि त्रिज्या यांच्यावर ठरतं.

लूपचं काय? इथंही उत्तर तेच, आणि मला तरी हे या सगळ्यातलं सर्वांत सुंदर गणित वाटतं. विमान सरळ फेरीत असो, लूपमध्ये असो किंवा डोक्यावरून जात असो, ते प्रत्येक क्षणी वैमानिकाच्या हातातून जाणाऱ्या कुठल्या ना कुठल्या आसाभोवती फिरत असतं. पंख तारांच्या रेषेत आहेत तोवर पंखाच्या प्रत्येक बिंदूचा वेग वैमानिकापासूनच्या त्याच्या अंतराच्या प्रमाणातच राहतो. लहानातला लहान लूप घेतला तरी गुणोत्तर १९.७ ला १८.३ हेच. म्हणून एकदा काढलेला हिशेब साऱ्या कसरतींना चालतो. फक्त वारा त्यात ढवळाढवळ करतो, त्याकडे पुढे येऊ.

पंख कापायच्या आधी

आता मुद्द्याचं. आतला पंख किती लांब ठेवला म्हणजे दोन्हीकडचा उलथवणारा जोर सारखा होईल? सरळ पट्टीच्या पंखासाठी गणित सोडवलं की अगदी सोपं सूत्र हाती येतं:

दोन पंखांच्या लांबीतला फरक = पंखविस्ताराचा वर्ग ÷ (३ × त्रिज्या)

सगळं मीटरमध्ये. आपल्या विमानाला १.४ चा वर्ग १.९६, भागिले ५७, उत्तर ०.०३४ मीटर. म्हणजे आतला पंख ७१.७ सेंटीमीटर आणि बाहेरचा ६८.३. फरक साडेतीन सेंटीमीटरही नाही, दोन इंच तर दूरच. पंख टोकाकडे निमुळता असेल तर टोकाला क्षेत्रफळ कमी असतं, त्यामुळे याहूनही कमी पुरतं.

मग हे ३.४ सेंटीमीटर पूर्ण द्यायचे का? मी निम्मे देतो, सतरा-अठरा मिलिमीटर. याचं कारण सांगण्यासाठी आधी दुसरा रस्ता बघावा लागेल. पंख दोन्हीकडे अगदी सारखे ठेवले तर काय? तर बाहेरच्या पंखाची जास्तीची उचल दाबायला बाहेरच्या टोकात वजन ठेवावं लागेल. आपल्या विमानाचा हिशेब केला तर त्यासाठी ३२ ग्रॅम पुरतात. १.३ किलोच्या विमानात ३२ ग्रॅम म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. शिवाय वजन कधीही काढता-घालता येतं, आणि कव्हर केलेला पंख लांबीला कमी-जास्त करता येत नाही. थोडी लांबी, थोडं वजन, अशी विभागणी केली की दोन्ही बाजूंनी हात मोकळा राहतो.

टोकाला जाणारं उदाहरणही आहे. आंतरराष्ट्रीय स्पीड स्पर्धांत, म्हणजे एफ टू ए वर्गात, २.५ सीसीच्या इंजिनावर विमानं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळतात. त्रिज्या १७.६९ मीटर, ९ फेऱ्यांना बरोबर एक किलोमीटर. या विमानांचा जवळजवळ सगळा पंख आतल्या बाजूला असतो, बाहेर नाममात्र तुकडा. तिथं हेतू वेगळा आहे, तारांचा हवेतला अडथळा कमी करायचा आहे, आणि विमानाला कसरती करायच्या नाहीत. ते रूप पाहून स्टंटच्या विमानात नक्कल करायला जाऊ नका.

रिब्ज (पंखाच्या आतल्या फासळ्या) कापताना एक गोष्ट पाळा: दोन्ही पंखांच्या लाकडाचं वजन आधीच तोलून वाटा. बाल्सा एकाच गठ्ठ्यातला असला तरी एक फळी दुसरीपेक्षा सहज दीडपट जड निघते. जड फळ्या बाहेरच्या पंखात घाला. तिथं नाहीतरी वजन लागणारच आहे, तर ते लाकडाच्या रूपानं गेलेलं बरं. थर्मोकोल किंवा डेप्रॉनच्या विमानात हा प्रश्न नाही, पण तिथं गोंद हात सैल सोडून ओतला जातो आणि एक बाजू जड होते.

बाहेरच्या टोकाचं वजन

टिप वेट, म्हणजे हे टोकाचं वजन, फक्त उचलीसाठी नसतं. तारांनाही वजन असतं. ०.०१८ इंच जाडीची सात पेडांची पोलादी तार मीटरला साधारण एक ग्रॅम भरते. दोन तारा, प्रत्येकी १८ मीटर, मिळून ३६ ग्रॅम. यातलं निम्मं ओझं हँडल उचलतं, निम्मं विमानाच्या आतल्या टोकाला लटकतं. म्हणजे १८ ग्रॅम.

तर आपल्या विमानाचा ताळेबंद असा होतो. पंख सारखे ठेवले तर उचलीसाठी ३२ आणि तारांसाठी १८, एकूण ५० ग्रॅम. सूत्राचा पूर्ण फरक दिला तर उचलीचा प्रश्न मिटला, पण आतला पंख लांब म्हणून जड, त्याचे आठ-नऊ ग्रॅम आणि तारांचे एकोणीसेक, एकूण २८ च्या आसपास. निम्मा फरक दिला तर मधला आकडा, ३९ ग्रॅम धरा.

आकडा हातात आला तरी वजन कायमचं चिकटवू नका. बाहेरच्या टोकाच्या रिबला लागून काडेपेटीएवढी जागा करा, वर प्लायचं झाकण आणि दोन बारीक स्क्रू. वजनासाठी शिसं वितळवण्याच्या भानगडीत पडायची गरज नाही. शिशाची वाफ वाईट. गाडीच्या चाकाचं बॅलन्सिंग करणाऱ्या कुठल्याही दुकानात पाच आणि दहा ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात, वर आकडा छापलेला असतो. सांगलीत शंभर फुटी रोडवर टायरवाल्यांकडे चौकशी करा, पट्टीभर सहज देतील. ते तुकडे फोममध्ये गुंडाळून असे बसवा की हलणार नाहीत. उड्डाणात खडखडणारं शिसं पंख आतून फोडतं.

पहिल्या उड्डाणाला हिशेबापेक्षा पाच ग्रॅम जास्तच घाला. वजन जास्त झालं तर बाहेरचा पंख लोंबेल, दिसायला वाईट, पण तारा ताठ राहतील. कमी पडलं तर बाहेरचा पंख वर येईल, विमान आत झुकेल आणि तारा सुटतील. चूक करायचीच तर पहिल्या बाजूला.

टेबलावरची तपासणी

पंख पिळलेला असेल तर वरचा सगळा हिशेब पाण्यात. घरात सर्वांत सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. घरच्यांची परवानगी काढा आणि प्रत्येक पंख त्यावर ठेवून चारही कोपऱ्यांखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) असतील तर दोन्ही फ्लॅप एकाच रेषेत आहेत का, हे मागून डोळा लावून पाहा. ज्या वेगफरकाचा आपण एवढा काथ्याकूट करतो आहोत त्याच्याहून मोठा खेळ एका फ्लॅपमधला दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा उचलीत करू शकतो.

लीडआउट पंखाच्या टोकातून जिथं बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या दीड-दोन सेंटीमीटर मागे असू द्या, आणि शक्यतो सरकवता येईल अशी करा. तारा हवेच्या अडथळ्यानं मागे वाकतात, म्हणून ती थोडी मागे लागते. फार मागे नेली तर विमान नाक बाहेर काढून तिरकं उडतं, दोन्ही पंखांवरची हवा बदलते, आणि मग तुम्ही वेगफरकाला दोष देत बसता.

तारांची ओढ-चाचणी कधीच टाळायची नाही. सपाट फेरीत आपलं विमान तारांना पावणेचार किलोच्या जवळपास ओढतं. स्टंटच्या स्पर्धांत विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ लावून बघतात, तीच पद्धत घरी ठेवा: १.३ किलोच्या विमानाला १३ किलो. एकानं विमान बेलक्रँकजवळ (तारांची ओढ घेणारी विमानातली तरफ) धरायचं, दुसऱ्यानं हँडलला हुकाचा वजनकाटा लावून ओढायचं. हँडलला मनगटाची दोरी असलीच पाहिजे.

मिरजेच्या वाद्यकारांच्या गल्लीतून सतारीची पोलादी तार आणून वापरावी, हा विचार सांगली-मिरजेतल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात एकदा येतो. तार चांगली असते, पण एकपेडी असते, एकदा मुरड पडली की तिथंच तुटते. आणि तुकडे जोडून लांबी वाढवायची नाही. पूर्ण लांबीची अखंड, पेडाची तार घ्या.

मैदान

१९ मीटर त्रिज्या, त्यावर पंख आणि पाच मीटर मोकळी कडा धरली तर पन्नास मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. ते भरतं साधारण वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. रोलर फिरवलेलं शाळा-कॉलेजचं मैदान सर्वांत बरं. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात चाक अडकून विमान नाकावर उभं राहतं. ऊस तुटलेलं रान मोकळं दिसतं, पण बुडखे प्रॉपेलर मोडतात. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागेचं आकर्षण सगळ्यांना असतं. परवानगीशिवाय तिथं पाऊल टाकू नका.

विजेच्या तारा जवळ असतील तर तिथं उडवायचंच नाही. तुमच्या हातात पोलादी तार आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वर्तुळाच्या कडेपासून पन्नास मीटरच्या आत महावितरणची कुठलीही लाइन असेल, तर मैदान बदला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की विमान पेटीत.

हवेत काय बघायचं

ट्रिमिंगची सकाळ वारा नसलेली हवी. सूर्य उगवल्यापासून तासाभरात सांगलीत हवा बहुधा शांत असते. एका मदतनिसाला वर्तुळाच्या मध्यावर तुमच्या पाठीशी उभा करा, तुमच्यासोबत फिरत राहायला सांगा आणि मोबाइलवर चित्रण करायला लावा. हातात हँडल असताना जे दिसतं आणि चित्रणात जे दिसतं त्यात फार तफावत असते.

सरळ फेरीत, डोळ्यांच्या उंचीवर, विमानाकडे बघा. पंख तारांच्या रेषेत असेल तर तुम्हाला पंखाची वरची बाजू दिसणार नाही, खालचीही नाही, फक्त कड दिसेल. आता विमान उलटं करा आणि तसंच बघा. निदानाची सगळी किल्ली या दोन दृश्यांत आहे.

बाहेरचा पंख सरळ उड्डाणातही खाली आणि उलट्या उड्डाणातही खाली दिसला, तर टिप वेट जास्त आहे. दोन्हीकडे वर दिसला, तर वजन कमी आहे. कारण वजन जमिनीकडेच ओढतं आणि वेगफरकाची जास्तीची उचल आकाशाकडेच असते, विमान सुलटं असो की उलटं.

पण सरळ उड्डाणात बाहेरचा पंख खाली आणि उलट्यात वर, किंवा याच्या बरोबर उलट, असं दिसलं तर शिशाला हात लावू नका. हा पिळाचा किंवा फ्लॅपचा दोष. पिळलेला पंख विमानाच्या पाठीच्या दिशेनं जास्त जोर लावतो, आणि विमान उलटं झालं की पाठ जमिनीकडे जाते, म्हणून लक्षणही उलटतं. इलाज फ्लॅपमध्ये आहे. जो पंख सरळ उड्डाणात लोंबतो त्याचा फ्लॅप केसभर खाली वाकवा. अगदी केसभर, मग पुन्हा उडवा.

प्रत्यक्षात दोन्ही दोष एकत्र असतात. सरळ फेरीत बाहेरचा पंख चांगलाच खाली, उलट्यात जवळजवळ सपाट, असं काहीसं दिसतं. तेव्हा क्रम पाळा: आधी पिळ काढा, म्हणजे दोन्ही उड्डाणांत लक्षण सारखं होईल. मग शिसं कमी-जास्त करा. उलटा क्रम घेतला तर दोन दोष एकमेकांना झाकत राहतात आणि तुम्ही पेटीतलं सगळं शिसं संपवता.

सपाट उड्डाण जमलं की कोपरे. चौकोनी लूपमध्ये विमान झटक्यात वळतं, त्या क्षणी पंखांवरचा भार अनेकपटींनी वाढतो. उचलीतला फरक भाराबरोबर वाढतो, टिप वेटचा जडपणाही भाराबरोबर वाढतो, ते दोघे एकमेकांशी जुळून राहतात. पण तारांचे ते १८ ग्रॅम तसे वाढत नाहीत, कारण तारांचा थोडाच भाग विमानासोबत झटका घेतो. म्हणून सपाट फेरीत अगदी बरोबर वाटणारं वजन कोपऱ्यात थोडं जास्त ठरतं. बाहेरचं टोक वळणात मागे रेंगाळतं आणि कोपरा संपताना विमान बिजागरीवर हलल्यासारखं एकदा डुलतं. वर ओढताना टोक खाली राहतं, खाली ढकलताना वर राहतं.

हे दिसलं की पाच-पाच ग्रॅम काढत जा. एका वेळी एकच तुकडा, आणि प्रत्येक वेळी वर ओढायच्या आणि खाली ढकलायच्या अशा दोन्ही प्रकारच्या कोपऱ्यांवर बघा. डुलणं थांबलं आणि सरळ फेरीत बाहेरचा पंख अगदी किंचित वर दिसू लागला, तर तोच सुवर्णमध्य समजा. कोपरा स्वच्छ हवा की सपाट फेरीत पंख रेषेत हवा, यात निवड करायची वेळ आली तर मी कोपरा निवडतो. सपाट फेरी कशीही उडवता येते. फक्त एक अट: डोक्यावरून जाताना तारा ताठ राहिल्या पाहिजेत. तिथं गुरुत्वाकर्षण विमानाला खाली, म्हणजे तुमच्याकडे ओढतं, आणि आपल्या विमानाची ओढ पावणेचार किलोवरून अडीचच्या खाली येते. डोक्यावर हँडल हलकं लागलं की काढलेला शेवटचा तुकडा परत घाला.

वारा सुटला की

वारा दोन्ही टोकांना सारखाच लागतो, आणि म्हणूनच गुणोत्तर बिघडवतो. सेकंदाला चार मीटर, म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटरचा वारा धरा. विमान वाऱ्याच्या तोंडावर जाताना टोकांची हवेतली गती २६.१ आणि २७.८ होते, उचलीतला फरक १६ वरून १३ टक्क्यांवर उतरतो. वाऱ्यासोबत जाताना १८.१ आणि १९.८, फरक जवळजवळ २० टक्के. म्हणजे एकाच फेरीत विमान एका बाजूला थोडं बाहेर झुकलेलं आणि दुसऱ्या बाजूला थोडं आत झुकलेलं दिसणार. हा विमानाचा दोष नाही, त्यावर शिसं लावू नका.

साताऱ्याच्या पश्चिमेला ज्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत तिथं ट्रिमिंगला जाण्यात शहाणपण नाही. पवनचक्क्या तिथं कशासाठी लावल्या याचा विचार करा. वाऱ्यात उडवायचंच असेल तर कसरती वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर आणि विमान समोर, अशा ठेवा. वारा विमानाला बाहेर ढकलतो, तारा ताठ राहतात. आणि वाऱ्याच्या दिवशी पाच ग्रॅम जास्तीचे पंखात असू द्या.

लहान मैदान, आखूड तारा

वीस गुंठे प्रत्येकाला मिळत नाहीत. मग तारा आखूड होतात आणि इथंच वेगफरक खरा डोकं वर काढतो. समजा ०.८ मीटर पंखविस्ताराचं इलेक्ट्रिक विमान आहे आणि त्रिज्या ९ मीटर. आतलं टोक ८.६ वर, बाहेरचं ९.४ वर, टोकाटोकांतला उचलीचा फरक साडेएकोणीस टक्के. विमान लहान, पण फरक मोठ्या विमानापेक्षा जास्त. सूत्रानं ०.६४ भागिले २७, म्हणजे २.४ सेंटीमीटर. निम्मा नियम लावला तर १२ मिलिमीटर.

आखूड तारांवर पातळ तार वापरता येते, ती हलकी असते, त्यामुळे तारांसाठीचं वजन नगण्य होतं आणि बहुतेक टिप वेट उचलीच्या फरकासाठीच लागतं. याचा एक फायदा: कोपऱ्यातलं ते डुलणं इथं कमी जाणवतं, कारण तारांचा तो न वाढणारा वाटाच छोटा आहे. तोटा असा की फेरी फार लवकर संपते, तीन-साडेतीन सेकंदांत, आणि डोकं गरगरतं. नवख्याला सलग आठ-दहा फेऱ्यांपेक्षा जास्त देऊ नका, टायमर त्याप्रमाणे लावा.

तेच विमान पुढे मोठ्या मैदानावर १४ मीटर त्रिज्येच्या तारांवर न्यायचं ठरलं, तर उचलीचा फरक साडेबारा टक्क्यांच्या खाली येईल आणि तारांचं वजन वाढेल. पहिलं कमी शिसं मागेल, दुसरं जास्त. बेरीज जवळपास तिथंच येते, पण ती तशीच धरून चालू नका. तारा बदलल्या की झाकण उघडून पाच ग्रॅम जास्तीचे घाला आणि सरळ-उलट्या फेरीपासून परत बघायला सुरुवात करा. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारांची लांबी आणि त्यासोबतचे ग्रॅम लिहून ठेवा.